उशाखालची कात्री

इंझोरीच्या सोजरबाईला कोणी वय विचारलं तर ती आकडा कधी सांगायची नाही. म्हणायची, "दौलतरावाच्या जगदेवाची नाळ मी पयली कापली. आता त्याले टक्कल पडून राह्यलं. धरा अंदाज."

बाई तोंडानं फटकळ. बाळंतिणीच्या घरी पाय टाकला की आधी पुरुषमाणसांना बाहेर काढायची, मग जास्तीच्या बायकांना, आणि सासू फारच मधेमधे करायला लागली तर तिलाही. पण हात असा मऊ, की वेणा देणारी पोरगी तिच्या शिव्या ऐकूनसुद्धा तिचंच मनगट धरून बसायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, दोन एकराचा तुकडा आणि एक म्हैस एवढाच तिचा संसार. सुईणपण तिला सासूकडून मिळालं आणि सुईणपणाबरोबर सासूचा विळाही मिळाला.

हा विळा दिवसा म्हशीसाठी गवत कापायचा. निरोप आला की सोजरबाई तो पदराला पुसायची, कमरेला खोचायची आणि चालू लागायची. नाळ कापून झाली की विळा बाळंतिणीच्या उशाखाली जाई. ज्या लोखंडानं नाळ कापली त्याच लोखंडानं पाच दिवस राखण करायची, पाचवीला त्याला हळदकुंकू लावून पूजा करायची, आणि तोवर त्यानं घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. मधल्या पाच दिवसांत सोजरबाईची म्हैस शेजाऱ्याच्या विळ्यानं कापलेलं गवत खायची. यात काही चुकतं आहे असं गावात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लढाईचं पाचवं वर्ष लागलं होतं. इंझोरीला बंदुकीचा आवाज ऐकू आला नाही, पण लढाई आली ती आलीच. राकेल मिळेना, लुगडी विरायला लागली, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळीसाठी लोक हात जोडू लागले. गावाबाहेर दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथला लखमा होळी झाल्यावर रंगरूट होऊन गेला, तो आसामकडं रस्ते बांधायला लागला म्हणे. आणि याच दिवसांत मंगरूळला बाळ-बाळंतिणींसाठी एक केंद्र उघडलं, आणि गावोगावच्या सुइणींना वीस दिवस शिकायला या म्हणून बोलावणं आलं.

"लढाईत मानसं मरून राह्यले, म्हून सरकारले लेकराईची आठवन झाली असन," सोजरबाई म्हणाली. "मले काय शिकवतीन? मीच त्याईले शिकवून येतो." आणि मंगरूळवरून शेलूबाजारला निघालेल्या एका गाडीत, म्हशीची सोय लावून, ती बसली.

केंद्राच्या नर्सबाईंचं नाव एस्तेरबाई. वयानं सोजरबाईच्या धाकट्या बहिणीएवढ्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज कधी चढायचा नाही. पहिले चार दिवस सोजरबाईनं त्यांना नको नको केलं. हात साबणानं दोनदा धुवायला सांगितले तर म्हणाली, "बाई, मी लेकरू काहाडतो, पंगत वाढत नाई." एस्तेरबाई हसल्या आणि साबण पुढं केला.

पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्याजणींना आपापली हत्यारं समोर ठेवायला सांगितली. कोणाचा कोयता, कोणाची खुरपी, एकीची तर बांबूची चिप. सोजरबाईनं विळा ठेवला, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मानाचा. एस्तेरबाईंनी तो उचलला, पात्याच्या फटीत अडकलेली हिरवट मळी नखानं दाखवली आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "याला माती लागते, शेण लागतं. त्यातलं विष नाळेतून लेकराच्या अंगात जातं. लगेच काही दिसत नाही. सातवा-आठवा दिवस उजाडला की लेकरू दूध ओढायचं थांबतं, जबडा आवळतो, अंग ताणतं. तुम्ही त्याला सटवीनं नेलं म्हणता. आम्ही धनुर्वात म्हणतो."

 सोजरबाईनं मनातल्या मनात घरं मोजायला सुरुवात केली. तांड्यातल्या लखम्याच्या बायकोचं, रुपाबाईचं, पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं होतं आणि दुसरं सातव्या दिवशी. दोन्ही लेकरं टपोरी, रडकी, अंगावर पिणारी. दोन्ही वेळा सोजरबाईच होती. दोन्ही वेळा तिनंच सगळ्यांआधी सटवीला शिव्या दिल्या होत्या. आणखीही घरं होती, पण तिची मोजणी रुपाबाईच्या दारात अडली ती अडलीच.

त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी एस्तेरबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. ओरडल्या नाहीत, काही विचारलंही नाही. नुसतं म्हणाल्या, "सोजरबाई, माझ्या आजीनंही विळाच वापरला. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं." सोजरबाई विळा विहिरीत टाकायला निघाली होती. एस्तेरबाई म्हणाल्या, "त्यानं काय केलं? गवत कापायला राहू दे त्याला." या एका बोलण्यासाठी सोजरबाई त्यांची जन्मभर ऋणी राहिली. रागावल्या असत्या तर ती उलट भांडली असती आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरून घरी आली असती. मग पुढचं काहीच घडलं नसतं.

वीस दिवसांनी तिला एक पत्र्याची पेटी मिळाली. त्यात साबण, दोरा, औषधाची एक बाटली, स्वच्छ फडकी आणि एक कात्री. एस्तेरबाईंनी बजावलं, "प्रत्येक वेळी पाण्यात उकळायची, आणि नाळेशिवाय कशाला लावायची नाही. जपा. दुसरी मागू नका, होत्या नव्हत्या त्या कात्र्या लढाईवरच्या दवाखान्यांत गेल्या. माझ्याकडं उरलेली ही शेवटची."

मार्गशीर्षात दौलतरावांच्या घरचा निरोप आला. जगदेवाची बायको रुख्मिणी सात वर्षांनी बाळंत होत होती. सात वर्षं तिनं सासूचे, म्हणजे चतुराबाईचे टोमणे खाल्ले होते आणि गावातल्या प्रत्येक बारशाला मागच्या रांगेत बसली होती. सोजरबाईनं सगळं शिकल्याप्रमाणे केलं. पाणी उकळलं, कात्री उकळली, हात धुतले, चतुराबाईला बाहेर काढलं. मुलगा झाला. नाळ दोऱ्यानं दोन ठिकाणी बांधली, कात्रीनं कापली. वीस दिवसांचं शिक्षण एका चुकीशिवाय पार पडलं.

चूक त्यानंतर झाली. कात्री धुऊन पेटीत ठेवायची, तर तीस वर्षांची सवय असलेला हात आपोआप उशाकडं गेला आणि कात्री रुख्मिणीच्या उशाखाली सरकवून मोकळा झाला. सोजरबाई घरी जाऊन भाकरी खाऊन झोपली. सकाळी पेटी उघडली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तरीही ती म्हणाली, असू दे, पाचवीपर्यंत दुसरं बाळंतपण नाही. तांड्यात रुपाबाई पुन्हा पोटुशी होती, पण तिचे दिवस भरायला अजून पंधरवडा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं नुकती अंगणात आली होती, तेव्हा लखम्याचा बाप सेवादास काठी टेकत दारात उभा राहिला. म्हातारा दीड कोस न थांबता आला होता. धाप लागून त्याला बोलता येईना.

"सोजरबाई, चाला. सुनेले पहाटपासून कळा सुरू झाल्या. लखमा इथी नाई. जाताना माह्ये पाय धरून सांगून गेला, बापू, या खेपी लेकरू जगलं पाह्यजे. पोहरादेवीले नवस बोललो बाई. आता तुमी चाला."

सोजरबाई आत धावली. आतून पेटी काढली, कात्रीची जागा रिकामी. आढ्याला विळा लटकत होता. तो उकळून घ्यावा असं क्षणभर मनात आलं. पण पात्यावर गंज होता, मुठीच्या सांध्यात फट होती, आणि मुख्य म्हणजे हाच विळा घेऊन ती तिसऱ्यांदा रुपाबाईपुढं बसू शकत नव्हती. हात उचलवलाच नसता. तिनं सेवादासाला सांगितलं, "बापू, तुमी फिरा मांगं. चुलीवर पानी ठेवा, भरपूर. मी आलीच." आणि पेटी काखेत मारून, विळा कमरेला खोचून ती दौलतरावांच्या घराकडं जवळजवळ पळाली.

चतुराबाई ओट्यावर बसून सुनेसाठी सुंठ कुटत होती. सोजरबाईनं एका दमात सगळं सांगितलं. चतुराबाईचा बत्ता थांबला.

"पाचवीच्या आंधी? सोजर, तुले येड लागलं काय? सात वर्सांनी या घरात पायना हालून राह्यला, अन् तू उशाखालचं लोखंड काहाडाले आली?"

"तिच्या बदली हे ठेवतो," सोजरबाईनं विळा काढून दाखवला. "हे बी लोखंडच हाये."

"त्यानं कुठी नाळ कापली माह्या नातवाची? ज्यानं कापली तेच पाह्यजे. मले रीत शिकवू नको. तूच सांगितली मले, जगदेवाच्या टायमाले."

हे मात्र खरं होतं. सोजरबाईची तिच्याच शब्दांनी कोंडी झाली. तीस वर्षं ती ज्या रीतीची राखणदार होती, ती रीत आज दारात आडवी उभी होती. ती वाद घालत होती आणि मनात तांड्याचा रस्ता मोजत होती. इथून दीड कोस. पाणी उकळलं असेल. रुपाबाईची ही तिसरी खेप, वेळ लागणार नाही.

"चतुराबाई, जगदेवाची नाळ याच इळ्यानं कापली," ती शेवटचं म्हणाली. "तुमच्या नातवाच्या बापाची राखन यानंच केली. तो जगला ना? पहा, केवढा घोडा झाला."

"तो माह्या पुण्याईनं जगला."

 सोजरबाईचे डोळे भरून आले. ती कोणासमोर रडणारी बाई नव्हती, म्हणून तिनं पाठ फिरवली. तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "सोजरमाय, आत ये."

रुख्मिणी बाजेवर उठून बसली होती. मांडीवर लेकरू, कपाळाला फडकं बांधलेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. सात वर्षं जिनं सासूपुढं मान वर केली नव्हती, तिनं उशाखाली हात घातला आणि कात्री काढून सोजरबाईपुढं धरली. 

दारात आलेली चतुराबाई किंचाळली, "रुख्मिणी!"

"मागच्या साली कापूस येचाले रुपाबाई माह्या बाजूच्या ओळीले होती," रुख्मिणी सासूकडं न बघता म्हणाली. "तिचं लेकरू जाऊन चारच दिवस झाल्ते. येचता येचता तिची कांचोळी दुधानं भिजे. ती पदरानं झाके अन् पुन्हा येचे. मले तवा लेकरू नव्हतं, पन मले समजे. घे माय. माह्या लेकराले इळा पुरन."

 चतुराबाईचं आणखी काही ऐकायला सोजरबाई थांबणार नव्हती. तिनं विळा रुख्मिणीच्या उशाखाली फडक्यात गुंडाळून सरकवला, वाकून त्या पोरीच्या पायांना हात लावला, आणि निघाली. वयानं आईएवढी असलेली बाई आपल्या पाया पडली म्हणून रुख्मिणी पुढं कित्येक दिवस ओशाळत राहिली.

तांड्यात पाणी उकळून अर्धं झालं होतं. सोजरबाईनं कात्री त्यात टाकली आणि मनातल्या मनात शंभर आकडे म्हटले, मग एस्तेरबाईंना विचारता येत नाही म्हणून आणखी शंभर. रुपाबाई दोन्ही हातांनी झोपडीच्या मेढीला धरून होती. तिच्या हातातल्या बांगड्या खुळखुळत होत्या. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि तांड्यातली आपली सुईण वारल्यापासून रुपाबाई सोजरबाईलाही याडीच म्हणायची.

"याडी, कात्री आनली?" तिनं पहिलं हेच विचारलं.

सोजरबाई चरकली. हिनं पहिलं कात्रीचंच का विचारलं? पण विचारायला सवड नव्हती. दुपार कलायच्या आत पोरगी झाली, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. सोजरबाईनं दोरा बांधला, कात्री चालवली. रुपाबाईच्या सासूनं नाळेला लावायला गोवरीची राख पुढं केली, ती तिनं टोपल्यासकट बाहेर भिरकावली. सासूनं उशाखाली ठेवायला लोखंड मागितलं तेव्हा मात्र सोजरबाईनं हात जोडले, कात्री पेटीत घालून झाकण लावलं, आणि सेवादासाला त्याची कुऱ्हाड आणायला लावली. ती एवढी थोरली की उशाखाली मावेना. शेवटी बाजेखाली ठेवली.

पण खरी परीक्षा पुढं होती. रोज सकाळी म्हशीचं आटोपलं की सोजरबाई दीड कोस चालून तांड्यात यायची, पोरीचं तोंड उघडून बघायची, अंगावर लावायला सांगायची आणि ती चुटुचुटु ओढते आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उठायची नाही. वाटेत रुख्मिणीचं घर. तिथं पाचवीला विळ्याला हळदकुंकू लागलं, चतुराबाईनंच लावलं, तोंड फुगवून का होईना. तिचा नातू मजेत होता.

तांड्यात सातवा दिवस उजाडला. रुपाबाई पोरीला छातीशी धरून बसली होती आणि तिची सासू कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन.  पोरगी प्यायली. आठव्या दिवशी सोजरबाई पहाटेच निघाली. तांड्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. रडण्याचा आवाज येत होता. बाईमाणसाचा की लेकराचा, ते तिला एवढ्या लांबून कळेना. ती तिथंच बाभळीला धरून उभी राहिली. मग आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि तिच्या लक्षात आलं की ही भूक लागलेल्या, आडदांड, आठ दिवसांच्या पोरीची बोंब आहे. तिच्या जिवात जीव आला. बाभळीखाली बसून ती मनसोक्त रडली आणि डोळे पुसून, तोंडात दोन शिव्या तयार ठेवून आत गेली.

बाराव्या दिवशी सेवादासानं तिला मुद्दाम बोलावलं. गूळ वाटला. लखम्याला पत्र लिहायला तांड्याचा कारभार बघणाऱ्या हेमला नायकानं मास्तर आणला होता. रुपाबाईनं एक पिशवी पुढं केली. लाल कापडाची, आरशांची, कडेला कवड्या लावलेली, आतून जुन्या पण स्वच्छ धुतलेल्या फडक्याचं अस्तर. बाराही दिवस पडल्या पडल्या तिनं ती शिवली होती. कापड तिच्याच लग्नातल्या फेटियाचं, म्हणजे घागऱ्याचं; नवं कापड त्या साली कुठून मिळणार? पिशवी अगदी कात्रीच्या मापाची होती. तिच्याबरोबर एक टोपडंही होतं, रुख्मिणीच्या मुलासाठी.

सोजरबाईनं पिशवी हातात घेतली नाही. सगळे बाहेर जाईपर्यंत थांबली आणि मग जे मंगरूळहून मनात घेऊन आली होती ते एकदाचं बोलली.

"रुपा, हे मले देऊ नको. तुह्ये पयले दोन लेकरं सटवीनं नाई नेले. माह्या इळ्यानं नेले. मले ठाऊक नव्हतं, पन मीच नेले."

रुपाबाई पोरीला पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"मले ठाऊक हाये, याडी."

"तुले कोनी सांगितलं?"

"कोनी नाई. तुमी मंगरूळाहून आल्या, पानवठ्यावर साऱ्या बायाईले कात्री दाखवली, इळ्याचं जहर सांगितलं. मी बी होती मांगं. साऱ्याईकडं पाह्यलं तुमी, माह्याकडं नाई पाह्यलं. तवाच समजलं." तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "घरी येऊन लई रडली मी. तुमाले शिव्या बी देल्या. खोटं कायले सांगू?"

"मंग मलेच काहून बलावलं वं?" सोजरबाईनं विचारलं.

रुपाबाईनं पोरीला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घेतलं.

"दुसरीले बलावलं असतं तर तिनं इळाच आनला असता."

सोजरबाईनं पिशवी घेतली. त्या दिवशी तिला परतायला उशीर झाला, कारण पोरगी तिच्या मांडीवर झोपली आणि तिला उठवायची हिंमत त्या फटकळ बाईला झाली नाही.

पुढं सोजरबाई हिंडती-फिरती होती तोवर तिच्याबरोबर नेहमी दोन लोखंडं असायची. कात्री कवड्यांच्या पिशवीत, पेटीमध्ये, नाळेसाठी. आणि विळा फडक्यात, उशाखाली ठेवण्यासाठी. एस्तेरबाई पहिल्यांदा पाहणीला आल्या तेव्हा विळा बघून त्यांचा चेहरा पडला. सोजरबाईनं त्यांना समोर बसवून सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "बाई, तुमी मले इळा हिरीत टाकू देला नाई, म्हून रुख्मिनीच्या उशाखाली ठेवाले काहीतरी होतं." एस्तेरबाईंनी विळा होता तिथं परत ठेवला, आणि मग दोघी मिळून तांड्याकडं निघाल्या, कारण रुपाबाईची पोर आता रांगायला लागली होती आणि सोजरबाईला ती दाखवायची होती.